छोट्या हॉटेलातली नासाडी : महाबळेश्वरहून प्रकल्प नोंदी

हॉटेल महाबळेश्वरला, बाजारपेठेपासून जरा आत. २६ खोल्या, शुद्ध शाकाहारी किचन, पूर्ण भरलं की नव्वदच्या आसपास पाहुणे. ज्या गावात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथेच मे महिन्यात आम्ही टँकर मागवतो. २०२३ च्या उन्हाळ्याची टँकरची बिलं एकत्र लावल्यावर वडील म्हणाले, "यात एक खोली बांधून झाली असती." नासाडी कमी करायचं काम तिथून सुरू झालं. सल्लागार नेमला नाही. लोणावळा, माथेरान, पाचगणीकडचे लहान हॉटेलवाले हेच करायला निघाले तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. आकडे आमच्या काट्याचे आणि मीटरचे आहेत, तुमच्याकडे वेगळे येतील.

१२ सप्टेंबर २०२३

ऑफ सीझन, चारच खोल्या लागलेल्या. सुरुवात पाण्यापासून, कारण पाणी मोजायला काही विकत घ्यावं लागत नाही. गच्चीवरची टाकी आतून ३ मीटर लांब, २.५ मीटर रुंद. म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की ७५ लिटर गेले. रात्री पावणेबाराला मोटर बंद केली, आतल्या भिंतीवर रेघ मारली. पहाटे पावणेपाचला पाहिलं तर पाणी १९ सेंटिमीटर खाली. पाच तासांत १,४२५ लिटर, तेही चार खोल्यांतली माणसं झोपलेली असताना. दिवसाचा हिशेब केला तर ६,८०० लिटरच्या पुढे जातो. पावसाळ्यात टाकी सतत भरतच असते, त्यामुळे हे कुणाला जाणवत नव्हतं.

प्लंबरने लगेच सांगितलं, जमिनीखालची पाइप फुटली आहे, अंगण खोदावं लागेल. अंदाज ३५,००० रुपये.

१४ सप्टेंबर

खोदायच्या आधी रात्री मजल्यांचे कॉक बंद करून परत रेघ मारली. पातळी जवळजवळ हललीच नाही. म्हणजे गळती जमिनीत नसून खोल्यांमध्ये आहे. अंगण वाचलं.

१६ सप्टेंबर

कपड्यांना घालायची नीळ आणली, एक बाटली. प्रत्येक फ्लश टाकीत थोडी नीळ टाकायची, दार बंद करायचं आणि अर्ध्या तासाने भांड्यात बघायचं. फ्लश न करता पाणी निळं झालं असेल तर वॉशर गेलाय. २६ पैकी सात भांडी निळी. तीन टाक्यांत बॉलकॉक खाली अडकून पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जात होतं, ते तर नुसतं कान लावूनही कळलं असतं. रिकाम्या खोल्यांचंच पाणी सगळ्यात जास्त जात होतं, कारण तिथे महिनाभर कुणी फ्लश केलेलं नव्हतं आणि वॉशर वाकडे झाले होते.

वॉशर, बॉलकॉक, प्लंबरची मजुरी मिळून ४,१०० रुपये. त्या रात्री पातळी २ सेंटिमीटर उतरली. या सगळ्या उद्योगात इतक्या कमी पैशांत इतका फरक पुन्हा कुठे पडला नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो: काहीही विकत घेण्याआधी टाकीवर रेघ मारा.

२५ सप्टेंबर

फ्लशच्या टाकीत पाण्याने भरलेली बाटली ठेवली की दर वेळी एक लिटर वाचतो, असं सगळीकडे सांगतात. दहा खोल्यांत ठेवल्या. आठवड्यात चार बाटल्या सरकून वॉशरखाली अडकल्या आणि फ्लश वाहत राहिला. उरलेल्या खोल्यांत पाहुणे दोनदा फ्लश करतात, कारण आमची जुनी भांडी कमी पाण्यात साफ होत नाहीत. सगळ्या बाटल्या काढल्या. दोन बटणांच्या टाक्या बसवायच्या तर भांडंही बदलावं लागतं. ते ज्या खोलीची फरशी निघेल त्या खोलीत करू, त्यासाठी मुद्दाम फोडणार नाही.

४ ऑक्टोबर

बेसिनच्या नळांना जाळीचे एरेटर (पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारे) बसवले, मिनिटाला ३ लिटरवाले. नगाला १४० रुपये. काही तक्रार नाही. यशस्वी.

कमी पाण्याचे शॉवर मात्र वरच्या मजल्यावर फसले. आमची टाकी वरच्या मजल्यावरच्या शॉवरपेक्षा जेमतेम तीन मीटर उंच आहे. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे तिथे पॉइंट तीन बार. असे शॉवर बनवतात ते पंपाच्या दाबासाठी. पाणी धारेने न येता टपकत होतं. अकरा शॉवर काढले, दुकानदाराने निम्म्या किमतीत परत घेतले. ५,००० च्या आसपास बुडाले. तळमजल्यावर तेच शॉवर उत्तम चालतात. घ्यायच्या आधी एकच नग आणून सगळ्यात वरच्या खोलीत लावून बघा.

१० ऑक्टोबर

गरम पाणी मागच्या बंबातून येतं. टोकाच्या खोलीपर्यंत पाइप ३० मीटर. पाऊण इंची पाइपमध्ये मीटरमागे सुमारे ०.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे गरम यायच्या आधी नऊ लिटर गार पाणी बाहेर पडतं. पाहुणा ते मोरीत सोडतो, आणि त्याचं काय चुकलं? थंडीत कोण त्या पाण्याने अंघोळ करणार.

परतीची लाइन आणि छोटा पंप बसवायचा खर्च ४२,००० सांगितला. तो आत्ता नको. त्याऐवजी प्रत्येक बाथरूममध्ये दुसरी बादली ठेवली, झाकणावर तीन भाषांत लिहिलं: "पहिलं गार पाणी यात धरा." मावशी तेच पाणी फरशी पुसायला घेतात. निम्म्याहून जास्त खोल्यांत बादली भरलेली मिळते. उघड्या पाइपांवर रबरी नळीचं इन्सुलेशन चढवलं, ७,८०० रुपये. बंबाचं लाकूड त्यामुळे किती वाचलं ते मोजता आलेलं नाही, कारण लाकूड आम्ही गाडीवर घेतो, वजनावर नाही.

२५ ऑक्टोबर

आता अन्न. लटकवायचा डिजिटल काटा ४५० रुपयांना आणला. किचनच्या मागे तीन ड्रम, तीन रंगांचे. एकात साली-देठं, दुसऱ्यात भांड्यांत उरलेलं (म्हणजे शिजलं, मांडलं, पण कुणी घेतलंच नाही), तिसऱ्यात ताटातलं उष्टं. काटा लावण्याआधी सगळ्यांना विचारलं, सगळ्यात जास्त काय निघेल? वाढपी, मॅनेजर, वडील, सगळे म्हणाले उष्टं. "लोक ताट भरून घेतात आणि टाकतात."

दसऱ्याच्या सुट्टीचे चार दिवस, २१ ते २४ ऑक्टोबर, एकूण २१२ किलो. साली-देठं ७१, उष्टं ४७, भांड्यांत उरलेलं ९४.

म्हणजे सगळ्यात मोठी नासाडी पाहुण्याच्या हाताला लागण्याआधीच होते. हा कागद किचनमध्ये लावला तेव्हा महाराजांचा, म्हणजे आमच्या आचाऱ्यांचा, चेहरा उतरला. कागद काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी चहावर बोललो. आकडे कुणाला दाखवायचे आणि कसे दाखवायचे, हेही कामच आहे. त्यांनी साथ दिली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

१ नोव्हेंबर

बायोगॅस बसवला. शेणावर चालणारा मोठा नको होता. पुण्याच्या आरती (ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर, पिष्टमय पदार्थांवर चालणारा जो लहान संच विकसित केला, त्या धर्तीचा: एक टाकी, तिच्यात उपडी तरंगणारी दुसरी. २००६ मध्ये त्याला शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला होता. शेण फक्त विरजणापुरतं लागतं. आमची खालची टाकी ३,००० लिटरची. पाइप, शेगडी, चौथरा धरून ७८,००० रुपये. जवळच्या गोठ्यातून शेण आणलं, पाण्यात कालवून भरलं, आता वाट बघायची.

२० नोव्हेंबर

दिवाळी ते लाभपंचमी हॉटेल गच्च. काटा कोपऱ्यात पडून होता. या काळातले आकडे नाहीत.

२३ नोव्हेंबर

भांड्यांत इतकं का उरतं, याचा माग काढला. महाराजांसोबत तीन संध्याकाळ बफेपाशी उभा राहिलो.

एक, ग्रुपचा आकडा. एजंट ४५ सांगतो, ३८ येतात. त्यातले सहा जैन निघतात, ते ऐन वेळी कळतं, मग कांदा-लसूण घातलेली भाजी तशीच राहते आणि नवी करावी लागते. आमचं बिल आलेल्या माणसांवर होतं, म्हणून जास्त आकडा सांगण्यात एजंटचं काहीच जात नाही.

दोन, शेवटचा अर्धा तास. साडेनऊला बफे बंद होतो. नऊ वाजता भांडी निम्मी झालेली असतात, तेव्हा ती काठोकाठ भरली जातात. भांड्याचा तळ पाहुण्याला दिसता कामा नये, हा महाराजांचा नियम. त्यांच्या गुरूचाही तोच होता. नऊनंतर येतात मोजून आठ-दहा माणसं.

तीन, पुऱ्या. साडेसातच्या आधी दीडशे तळून ठेवलेल्या. थंड पुरी कुणी घेत नाही.

बदल असे केले. पावणेनऊनंतर मोठी भांडी उचलून निम्म्या मापाची ठेवायची. ती काठोकाठ भरलेली दिसतात आणि महाराजांचा नियमही मोडत नाही. चार भांडी ६,४०० रुपये. भात दोन घाण्यांत, दुसरा घाणा रांग बघूनच चढवायचा. पुऱ्या बंद, फुलके तव्यावरून थेट ताटात. यासाठी संध्याकाळी एक माणूस जास्त लागतो, पण गरम फुलका मिळतो म्हणून लोक भात कमी घेतात, हे आम्हाला अपेक्षित नव्हतं.

एजंटचं काही करता आलेलं नाही.

६ डिसेंबर

ताटातल्या उष्ट्यासाठी केलेले दोन उपाय पडले.

डायनिंग हॉलमध्ये पाटी लावली: "ताटात अन्न टाकल्यास ५० रुपये दंड." तिसऱ्याच दिवशी एका कुटुंबातल्या लहान मुलाच्या ताटात शिरा राहिला, वाढप्याने पाटीकडे बोट दाखवलं, आणि मुलाच्या आजीने सगळ्या हॉलसमोर आमची जी काढली ती योग्यच होती. पाटी त्याच रात्री उतरवली. पैसे देऊन आलेल्या माणसाच्या ताटावर नजर ठेवणं हे हॉटेलचं काम नाही.

लहान ताटल्या नाश्त्याला चालल्या, पण रात्री लोकांनी दोन-दोन घेतल्या आणि भांडी घासायचं पाणी वाढलं. रात्री परत मोठी ताटं. त्याऐवजी वाढायच्या पळ्या लहान केल्या. आधी रस्सा भाजीत जो डाव होता त्यात अर्धी वाटी भाजी येत असे. हा फरक कुणाच्या लक्षातही आला नाही.

१८ डिसेंबर

धुलाई. चादरी-टॉवेल खाली वाईला जातात, नगावर दर. मोठ्या हॉटेलांसारखं कार्ड छापलं: टॉवेल परत वापरायचा असेल तर दांडीवर टाका, बदलायचा असेल तर जमिनीवर. महिनाभरानंतर धोब्याच्या बिलात काडीचा फरक नाही. दांडीवरचे टॉवेलही धुवायला जात होते.

मावशींना विचारलं. त्यांच्याकडे सुपरवायझरचा तक्ता असतो, त्यात रकाना: "टॉवेल बदलला." बरोबरची खूण नसली की बोलणी खावी लागतात. एक मावशी म्हणाल्या, "दादा, कार्ड तुम्ही पाहुण्याला दिलंत, आमचा कागद तोच आहे." शिवाय नवा टॉवेल दिसला की पाहुणा जाताना हातावर काही ठेवतो.

रकाना बदलून "टॉवेल तपासला" केला. टिपचा डबा काउंटरवर ठेवला, महिन्याच्या शेवटी सगळ्यांत सारखी वाटणी. आता टॉवेलचं बिल उतरतंय. चादरींत फार मिळणार नाही. आमच्याकडे बहुतेक लोक एक किंवा दोन रात्री राहतात, आणि नवा पाहुणा आला की चादर बदलायचीच असते. जिथे लोक आठवडाभर राहतात तिथे हा उपाय जास्त चालेल.

२७ डिसेंबर

नाताळच्या तीन दिवसांचं वजन ११७ किलो: साली ५८, उष्टं ३२, भांड्यांतलं २७. दसऱ्याला दिवसाला सरासरी ५३ किलो होतं, आता ३९. हॉटेल दोन्ही वेळा भरलेलं होतं.

आनंद टिकला नाही. बायोगॅस आंबला. नेहमी रोज पंधरा किलोच्या आसपास खरकटं घालायचो. नाताळात माणसं अपुरी पडली आणि रात्रपाळीच्या पोराने उष्टं, साली, लिंबाच्या फोडी, तळणाचा जळका चुरा, सगळं त्यात ओतलं. आंबट वास येतोय, गॅस येतोय पण पेटत नाही. पीएच पट्टी ५.२ दाखवते (७ च्या खाली म्हणजे आंबट). आम्लं तयार करणारे जिवाणू भराभर काम करतात, ती आम्लं खाऊन मिथेन देणारे सावकाश. एकदम जास्त घातलं की पहिले पुढे पळतात आणि दुसरे मरतात.

१० जानेवारी २०२४

खरकटं घालणं पूर्ण बंद ठेवलंय. रोज थोडी चुन्याची निवळी आणि एक बादली ताजं शेण. पीएच ६.१. त्यातच थंडी. वेण्णा लेकच्या बाजूला पहाटे दवबिंदू गोठतात असे हे दिवस. टाकीतला राडा १४ अंशांवर. मिथेनच्या जिवाणूंना ३५ च्या आसपास ऊब हवी असते. १५ च्या खाली ते जवळपास झोपतात. संच विकणाऱ्याने खाली, देशावर चालणारा संच आम्हाला वरती दिला आणि थंडीचा विषयच काढला नाही.

उपाय शेजारच्या स्ट्रॉबेरीवाल्यांकडून मिळाला. त्यांच्याकडून पॉलिहाउसचा जुना कागद घेऊन टाकीभोवती बांबूचा मांडव केला, दक्षिणेकडून ऊन आत येईल असा. टाकीच्या अंगाला भाताच्या तुसाची पोती. खर्च ३,२००, त्यात बांबूच जास्त.

४ फेब्रुवारी

पीएच ६.९, राडा २१ अंश. पुन्हा खरकटं सुरू, आधी दोन किलो, मग चार. कालवायला बंबातलं कोमट पाणी घेतो. भांडी घासलेलं गरम पाणी वापरू नका, त्यातला साबण जिवाणूंना मारतो. दारावर कागद: लिंबू, तेल, कांद्याची टरफलं यात नाही. आणि दाराला कुलूप, किल्ली एकाच माणसाकडे.

ज्योत पिवळी आणि उडी मारणारी होती. बायोगॅसला सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी उष्णता असते, त्यामुळे शेगडीचं जेट मोठं करावं लागतं आणि हवेचं भोक कमी. गॅरेजवाल्याकडून जेटचं भोक वाढवून घेतलं. निळी ज्योत आली. सडक्या अंड्याचा वास जाण्यासाठी गॅसच्या वाटेत लोखंडी किसाची बाटली लावली.

खरा हिशेब असा. पंधरा किलो खरकट्यातून साधारण सव्वा घनमीटर गॅस येतो. एक घनमीटर म्हणजे सुमारे ०.४५ किलो एलपीजी. महिन्याला जेमतेम एक १९ किलोचा सिलिंडर वाचतो, आजच्या भावाने १,८०० रुपयांच्या आत. थंडीचे आणि पावसाचे महिने धरले तर पैसे वसूल व्हायला पाच वर्षं तरी लागतील. गॅस वाचवायला म्हणून कुणी हा घेऊ नये. आमच्यासाठी त्याचा उपयोग वेगळा आहे: शिजलेलं खरकटं आवाराबाहेर जात नाही, ड्रमभोवती माकडं जमत नाहीत, आणि घंटागाडी आमच्याकडून फक्त सुका कचरा घेते.

संचातून बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे पातळ राडा, एका स्ट्रॉबेरीवाल्या काकांनी नेली. ठिबकच्या नळ्या बुजल्या म्हणून त्यांनी थांबवलं होतं. आता गाळून नेतात आणि बांधावरच्या झाडांच्या आळ्यात ओततात.

१९ फेब्रुवारी

पिण्याचं पाणी. किचनमधलं आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे जवळपास तीन लिटर मोरीत सोडत होतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) मोजायचं मीटर घेऊन नळाचं पाणी मोजलं, ६० च्या आसपास. इथलं पाणी मुळात पावसाचं, क्षार कमी. असल्या पाण्याला आरओ कशासाठी लावलं होतं, कुणालाच आठवत नाही. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच केंद्राला सांगितलं होतं. आरओ काढलं, यूएफ (बारीक पडद्याची गाळणी) आणि यूव्ही (जंतू मारणारे अतिनील किरण) असलेलं यंत्र लावलं, २१,००० रुपये. टँकरच्या पाण्याचा टीडीएस दर वेळी वेगळा येतो, ते आधी मोजतो.

खोलीत लिटरच्या दोन बाटल्या फुकट ठेवायचो, त्याऐवजी काचेच्या बाटल्या भरून ठेवल्या. लोक हात लावीनात. "सीलबंद द्या." मग पाणी भरायची जागाच डायनिंग हॉलमध्ये आणली, यंत्र समोर दिसेल अशी. आता लोक स्वतःच्या बाटल्या भरून पॉइंट बघायला जातात. सीलबंद बाटली काउंटरवर विकत मिळते. रिकाम्या बाटल्यांची पोती निम्म्याहून कमी झाली.

१२ मार्च

तळणाचं तेल. आधी एक माणूस दर आठवड्याला डबे घेऊन जायचा, चांगला भाव द्यायचा, आणि ते कुठे जातं हे आम्ही विचारत नव्हतो. परत परत तापवल्याने तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यात वापरता येत नाही, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणारे परवानाधारक आहेत, पण ते पूर्ण बॅरल भरल्याशिवाय घाट चढत नाहीत आणि भाव कमी देतात. शेजारच्या दोन हॉटेलांशी बोलून एकत्र बॅरल भरतो. यात वर्षाला काही हजार कमीच मिळतील. मिळू देत.

२८ मार्च

साली-देठांसाठी विटांचे तीन हौद, जाळीचे. ओल्यावर दुप्पट सुका पाला. झाडांखालचा जांभळी-हिरड्याचा पाला आत्ताच पोत्यांत भरून छपराखाली ठेवतोय, कारण जूनमध्ये गावात सुकं पान शोधून मिळणार नाही. माकडांनी पहिला हौद उकरला, मग वर लोखंडी जाळी आणि कडी.

खोल्यांत कार्ड घातल्यावरच वीज चालू होणारे स्विच बसवले होते. पाहुणे त्यात लायब्ररीचं, बँकेचं, कुठलंही कार्ड घालून फोन चार्जिंगला लावून फिरायला जातात. सोडून दिलं.

८ मे

काल साताऱ्याचं मतदान. निम्मी माणसं गावी गेली, बदली माणसं आणली. एका रात्रीत मोठी भांडी परत बफेवर, पुऱ्या परत तळलेल्या, भांड्यांत उरलेलं १९ किलो. बदली माणसांना कुणी सांगितलंच नव्हतं. लहान भांड्यांची वेळ आता भिंतीवर लिहिली आहे आणि पावणेनऊला मोठी भांडी ज्या कपाटात जातात त्याला कुलूप लावतो.

३१ मे

गेल्या मे महिन्यात ३१ टँकर, या मे महिन्यात १३. प्रत्येकी १०,००० लिटर, दर २,८००. सगळं श्रेय आमचं नाही. निवडणुकीमुळे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खोल्या रिकाम्या होत्या. तरी माझ्या अंदाजाने दहा-बारा टँकर वॉशरचेच. ते दर तीन महिन्यांनी नीळ टाकून तपासतो, आणि प्रत्येक वेळी एक-दोन भांडी निळी निघतातच.

परतीच्या गरम लाइनसाठी वडिलांनी होकार दिला.

२४ जून

पाऊस लागला. पावसाळ्याआधी इथे भिंतींना झडीपासून वाचवायला गवत बांधतात, तसंच या वेळी हौदांच्या तिन्ही बाजूंना बांधलं. पहिल्या हौदाचं खत तयार, काळं, मातीचा वास. दुसरा चिकट झालाय, पाल्याचं प्रमाण वाढवलं. बायोगॅसच्या मांडवावरचा कागद एका वाऱ्यात फाटला. तो काढून ठेवला, ऑक्टोबरमध्ये नवा.

गरम लाइनचं काम सुरू. भिंतीत जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पाइप निघाली, आतून गंजून निम्मी बुजलेली. खर्च ४२,००० वरून ५८,००० वर गेला. पंपाला टायमर, सकाळी सहा ते साडेनऊ. दिवसभर चालू ठेवला तर पाइपमध्येच उष्णता वाया जाईल आणि लाकूड वाढेल.

१३ जुलै

दिवाळीच्या ग्रुपची बोलणी आत्ताच होतात. या वेळी करारात दोन ओळी घातल्या: जेवणाचा अंतिम आकडा, जैन वेगळे, संध्याकाळी चारपर्यंत, त्यानंतर कमी आले तरी बिल त्या आकड्यावर. तीन एजंटांपैकी एक चिडून म्हणाला, "शेठ, असं कुणीच लावत नाही," आणि त्याने ग्रुप दुसरीकडे नेला. दोघांनी सह्या केल्या. त्यातल्या एकाने आजच फोन करून विचारलं, चारऐवजी पाच चालेल का, बस तोवर वाईच्या पुढे आलेली असते आणि माणसं मोजता येतात. पाच केलं. महाराजांना विचारून केलं, भात चढवायला त्यांना सहापर्यंतचा वेळ पुरतो.